घरीच ४५ माणसं जेवायला घालायची, आणि यजमानांनीही त्यांच्याबरोबर बसायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या घरी ४५ माणसं बोलवायची आहेत. त्यात २५ जण मटण खाणारे, बाकीचे शाकाहारी, आणि पुण्याची मावशी तिखटाला हात लावत नाही. हॉल नको, केटरर नको. जेवण, सजावट आणि पाहुण्यांच्या हातात द्यायची भेट, सगळं घरचं हवं पण देखणं हवं. कामाला तुम्ही, वहिनी आणि धाकटी बहीण.

मी कोल्हापुरात घरगुती समारंभांचं जेवण आणि मांडणी करून देते. या कामात मी एकच कसोटी लावते: पाहुणे दारात आले तेव्हा घरच्या बायका कुठं होत्या? त्या गॅसपुढं घामाघूम उभ्या असतील, तर बाहेर कितीही फुलं लावा, आलेल्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. त्या साडी नेसून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या असतील, तर साध्या आमटी-भातालाही थाट येतो. म्हणून मेनू ठरवताना चवीच्या आधी वेळेचा विचार करा. काही पदार्थ मुरल्यावर सुधारतात, काही ऐन वेळी नुसते कालवायचे असतात, आणि काही कढईतून थेट ताटात गेले तरच खरे. या तिसऱ्या जातीतला एकच पदार्थ ठेवा. दोन ठेवलेत तर एक बाई रात्रभर स्वयंपाकघरात अडकली म्हणून समजा.

तारखेचं एक बघून घ्या. रविवार चांगलाच आहे, सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणाऱ्यांची अडचण नाही. पण त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी येत नाही ना, हे दिनदर्शिकेत पाहूनच मटणाचा आकडा पक्का करा.

सुरुवात प्यायच्या वस्तूनं. जानेवारीत संध्याकाळी गारठा असतो, तेव्हा सरबताऐवजी गवती चहा, आलं आणि गुळाचा कोरा काढा छोट्या कुल्हडात द्या. त्यात दूध घालू नका, गुळानं दूध फाटायचा धोका असतो आणि ४५ माणसांच्या काढ्यावर तो पत्करू नये. कुल्हड शाहूपुरी किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीत मिळतात. आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी पालथे घालून वाळवा, म्हणजे मातीचा भुसका वास आणि धूळ दोन्ही जातं.

मग भेळ. कोल्हापूरच्या माणसाला भेळ दिली की तो खुर्चीत नीट रेलून बसतो, आणि यजमानांना तासाभराची उसंत मिळते. दीड किलो चिरमुरे, किलोभर फरसाण पुरतं, कारण पुढं जेवण आहे. चिरमुरे सकाळी कोरड्या कढईत मंद आचेवर गरम करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. चिंच-गुळाची चटणी दोन दिवस आधी करा: एक वाटी चिंचेला दोन वाट्या गूळ, जिरेपूड, सुंठ, मीठ, आणि चांगली उकळी. हिरव्या मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत राहू द्या. एका भाच्याला मोठं पातेलं देऊन व्हरांड्यात उभं करा. त्यानं एका वेळी चार-पाच माणसांचीच कालवायची, मागणी आली की पुढची. सगळी एकदम कालवली तर दहा मिनिटांत तिचा लगदा होतो.

कढईतला एकमेव पदार्थ म्हणून मी कोथिंबीर वडी सुचवेन. भिजवलेल्या पिठाचे लांबट उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रिजमध्ये ठेवा, गार उंड्याच्या वड्या सुबक कापल्या जातात. दुपारी चारला सगळ्या वड्या अर्धवट तळून घ्या आणि पाहुणे बसल्यावर कडक तेलातून पुन्हा काढा. दुसऱ्या तळणीला वीस मिनिटं लागतात, आणि कुरकुरीतपणा एकदाच तळलेल्या वडीपेक्षा जास्त येतो.

आता जेवण. इथं मी जरा सविस्तर सांगते, कारण कोल्हापुरात घरी बोलावून तांबडा-पांढरा रस्सा बिघडला तर बाकी काही लक्षात राहत नाही.

२५ जणांना ६ किलो मटण घ्या. माणशी पाव किलोच्या आसपास पडतं, आणि भेळ-वडीनंतर ते भरपूर आहे. सकाळीच आणा. आलं-लसणाचं वाटण, मीठ, थोडं तेल लावून तासभर ठेवा आणि भरपूर पाण्यात बिनमसाल्याचं शिजवा. या पाण्याला आपण अळणी म्हणतो, त्यात हळद घालू नका. बऱ्याच घरांत सवयीनं हळद पडते, आणि मग पांढरा रस्सा पिवळसर का झाला हे कळत नाही. हळद नंतर सुक्या मटणात आणि तांबड्यात घालता येते. मटण शिजलं की पाणी गाळून दोन भाग करा. साधारण पाच लिटर तांबडा आणि पाच लिटर पांढरा हवा, कारण आपल्याकडं रस्सा वाटीवर वाटी प्यायला जातो आणि तो कमी पडणं यजमानांना फार लागतं.

तांबडा दुपारीच करून टाका. सुकं खोबरं, कांदा, तीळ, खसखस वेगवेगळं भाजा. एकत्र भाजलं तर कांदा होईपर्यंत खसखस जळते आणि रश्शाला कडवट चव येते. वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परता आणि चटणी गॅस बारीक करून घाला. चटणी म्हणजे अर्थातच आपली कांदा-लसूण चटणी, मसाला म्हणून वापरतो ती. मग गरम अळणी घाला. गार पाणी घातलं तर कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, वर येत नाही. सुकं मटणही याच वाटणात बसतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही मुरतात.

पांढरा मात्र ताजाच करायचा. पाच लिटरसाठी १५० ग्रॅम काजू, १०० ग्रॅम खसखस, १०० ग्रॅम पांढरे तीळ भिजवून अगदी गंधासारखं बारीक वाटा. चार-पाच नारळांचं घट्ट दूध काढून गाळून ठेवा. तुपात खडा मसाला, म्हणजे दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरे, तमालपत्र परता, वाटण घाला, अळणी घाला, उकळी येऊ द्या. मग आच एकदम कमी करून नारळाचं दूध घाला आणि त्यानंतर खळखळून उकळू देऊ नका. आच जास्त झाली की नारळाच्या दुधातलं तेल आणि पाणी वेगळं होतं, रस्सा फाटल्यासारखा दिसतो, आणि तो पुन्हा जुळत नाही. सतत डाव हलता ठेवा आणि झाकण ठेवू नका. गरम राखायला पातेलं थेट गॅसवर ठेवण्यापेक्षा गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात बसवा. हिरव्या मिरचीचं वाटण घालण्याआधी मावशींचा रस्सा बाजूला काढा, त्यात नुसती पांढरी मिरी पुरे. त्या मटण खात नसतील तर शाकाहारी पातेल्यातूनही असाच काढता येईल.

शाकाहारी मंडळींना या घरात दुय्यम वाटता कामा नये. त्यांच्यासाठीही तांबडा-पांढरा करा. पांढऱ्याला दुधी आणि फ्लॉवर शिजवलेलं पाणी वापरा, बाकी कृती तीच. मुख्य पदार्थ म्हणून दीड किलोचा अख्खा मसूर करा, वरून लोण्याचा गोळा. तो मटण खाणारेही मागून घेतील हे धरूनच प्रमाण सांगतेय. शाकाहाराचा गॅस, पातेली, डाव आणि वाढणारा माणूस वेगळा ठेवा. हे पाहुण्यांना सांगायची वेळ येऊ नये, त्यांना ते दिसायला हवं.

भात आजऱ्याच्या घनसाळचा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण मी तो सुचवते तो वासासाठी. पातेल्याचं झाकण काढलं की बैठकीपर्यंत सुगंध जातो. दाणा लहान आणि शिजल्यावर मऊ होतो, रश्शाला असाच भात चांगला. मोकळ्या दाण्याचा हट्ट धरू नका. ३ किलो तांदूळ पुरतो. आणि ज्वारीच्या भाकऱ्या घरी थापायच्या नाहीत, यावर मी ठाम आहे. ९०-१०० भाकऱ्या म्हणजे दोन बायकांची सगळी संध्याकाळ गेली. गल्लीत भाकरी करून देणारी एखादी मावशी किंवा बचत गट असतोच, त्यांना आठला गरम पोचवायला सांगा. ते घरचंच आहे, हात फक्त दुसऱ्या घरातले.

गोडाला खपली गव्हाची खीर. श्रीखंड, गुलाबजाम सगळीकडं असतं, पण तिखट जेवणानंतर गुळाची खीर जे समाधान देते ते त्यांना जमत नाही. एक किलो सडलेला खपली गहू रात्रभर भिजवून सकाळी अगदी मऊ शिजवा. गूळ त्यानंतरच. आधी गूळ पडला तर गहू पुढं मऊ होत नाही, कितीही शिट्ट्या काढा. किलोभर गूळ, ओल्या नारळाचा चव, वेलची, जायफळ. दूध खिरीत उकळायचं नाही. वाटीत खीर वाढायची आणि वरून गार दुधाची धार सोडायची. जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात, तेव्हा नवा गूळ मिळेल. फार पिवळाधमक गूळ घेऊ नका, तो रंग बहुतेक वेळा पावडर मारून आणलेला असतो. भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला, तांबूस-तपकिरी गूळ मागा.

एक काळजी सगळ्या पदार्थांसाठी. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ नुसतं बाहेर ठेवू नका. एकतर वाफाळतं राहू द्या, नाहीतर पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये टाका. मटण आणि नारळाच्या दुधाला हे जास्त लागू आहे. म्हणजे दुपारचा तांबडा आणि सुकंही गॅसवर बारीक आचेवर नाहीतर फ्रिजमध्ये, आणि वाढण्याआधी पुन्हा खळखळून गरम.

वाढण्याबद्दल. बुफेच्या रांगेत रस्सा सांडतो, आणि म्हाताऱ्या माणसांना एका हातात ताट, एका हातात वाटी सांभाळणं जमत नाही. ताटात सुकं, मसूर, कांदा-लिंबू, भाकरी घेऊन लोकांना बसू द्या. रस्सा घेऊन दोन मुलांना फिरतं ठेवा, आणि तो बादली-डावानं वाढण्याऐवजी चहाच्या मोठ्या स्टीलच्या किटलीतून ओतायला सांगा. रस्सा गरम राहतो, धार बरोबर वाटीत पडते, कुणाच्या साडीवर थेंब उडत नाही. तांबड्याच्या किटलीला लाल दोरा, पांढऱ्याच्या किटलीला पांढरा, शाकाहारी किटल्यांना हिरवा जास्तीचा. ताटं-वाट्या स्टीलच्या भाड्यानं आणा. कागदी द्रोणात गरम रस्सा टिकत नाही.

सजावटीत निम्मं काम उजेडाचं असतं, आणि त्याला खर्च सगळ्यात कमी येतो. जानेवारीत साडेसहाच्या सुमारास अंधार पडायला लागतो, पाहुणे सातला येणार. बैठकीतली पांढरी ट्यूब त्या दिवशी लावूच नका. तिच्याखाली माणसं फिकट दिसतात आणि तांबडा रस्साही मळकट दिसतो. २७०० केल्विन लिहिलेले पिवळे बल्ब आणा आणि डोक्यावर न लावता कोपऱ्यांत, डोळ्यांच्या उंचीवर किंवा त्याखाली ठेवा. टेबललॅम्प नसतील तर वेताच्या टोपलीत बल्ब ठेवून ती भिंतीकडं तोंड करून पालथी घाला, भिंतीवर विणीची नक्षी पडते. टोपल्या बुरुड गल्लीत घ्या, पुढं धान्य-भाजीला वापरता येतील. पणत्या फक्त अंगणात आणि जिन्याच्या कठड्यावर, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा. जेवणाची जागा मात्र स्वच्छ उजेडात हवी, मटणाचं हाडूक दिसलं पाहिजे.

फुलांत शेवंती, झेंडू आणि निशिगंध, बस्स. रंग दोनच ठेवा, पिवळा आणि पांढरा. आदल्या दिवशी पहाटे फूलबाजारात गेलात तर टवटवीत माल मिळतो. घरी आणून ओल्या सुती कापडात सैल गुंडाळून सावलीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत फुलं घाम येऊन काळी पडतात. हारांच्या शंभर माळा सोडण्यापेक्षा एका पितळी घंगाळात पाणी भरून फुलं मोकळी सोडा आणि ते दारातून शिरताना दिसेल असं ठेवा. आजीची घागर, हंडा, समई बाहेर काढा. चिंच आणि मीठ लावून घासा, लगेच धुऊन कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर डाग धरतात. पण चिंचेची चटणी, लिंबू, कोशिंबीर असलं आंबट काहीही बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात वाढू नका, धातू उतरतो.

टेबलावर प्लॅस्टिकच्या चादरीऐवजी आईची जुनी इरकल साडी लांबट घडी करून मधोमध पसरा. चाळीस वर्षांपूर्वीच्या रुखवतातलं काही शिल्लक असेल, एखादं विणकाम, लाकडी करंडा, तर तेही मांडा. पदार्थांखाली केळीची पानं घालणार असाल तर आधी आचेवरून फिरवून घ्या, पान नरम होतं आणि फाटत नाही. रांगोळी दारात मधोमध न काढता एका बाजूला काढा, ४५ माणसांच्या पायांतून मधली वाचत नाही. थर्माकोलची अक्षरं वगैरे आणूच नका. राज्यात २०१८ पासून त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि ती नसती तरी या घरात ते शोभलं नसतं.

फोटो हवेतच. जिन्याच्या भिंतीवर सुतळी बांधून चिमट्यांनी लावा: लग्नाचा, पहिल्या घराचा, रंकाळ्यावरचा, जोतिबाच्या डोंगरावरचा. मूळ फोटो लावू नका, स्कॅन करून प्रती काढा. खाली छोट्या चिठ्ठीवर साल आणि जागा आईच्या हस्ताक्षरात. माणसं जिन्यात घोळका करून उभी राहतील आणि एकमेकांना ओळखत नसलेले नातेवाईक बोलायला लागतील. करमणुकीचा वेगळा कार्यक्रम लागणार नाही.

आता पाहुण्यांची भेट. ४५ माणसं म्हणजे साधारण २० घरं, भेट घरटी एक. संक्रांत नुकतीच झालेली असेल, तेव्हा तिळगुळाची वडी आणि घरच्या चटणीची छोटी बरणी ही जोडी मला सगळ्यात योग्य वाटते. वडीला १ किलो पॉलिश न केलेले तीळ, किलोला थोडा कमी मऊ गूळ, पाव किलो दाण्याचं कूट, तूप. चिक्कीचा गूळ नको, नाहीतर आजोबांच्या दातांची परीक्षा होईल. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळली की गॅस बंद. गोळी टण्णकन वाजायला लागली म्हणजे पाक पुढं गेला. एका वेळी अर्ध्याच मापाची करा, सगळी एकदम घेतली तर थापेपर्यंत घट्ट होते. प्रत्येक घराला सहा वड्या येतील.

चटणीसाठी ढोबळ प्रमाण: १ किलो मिरची, त्यात रंगाला ब्याडगी जास्त आणि तिखटाला संकेश्वरी कमी, अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो सुकं खोबरं, २०० ग्रॅम धणे, १०० ग्रॅम तीळ, खडा मसाला आणि मीठ. यातून १०० ग्रॅमच्या वीस बरण्या भरून घराला उरते. खरा धोका कांद्याचा. कापलेला कांदा दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून मग तेलात कुरकुरीत तळा. त्यात ओल राहिली तर महिन्याभरात चटणीला बुरशी येते. डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, कांडून आणली की पूर्ण गार होऊ द्या, मगच भरा, आणि बरण्या उकळून, उन्हात वाळवून घेतलेल्या असू द्या. हे काम कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी संपवा.

बांधणीला चकचकीत कागद नको. खणाच्या उरलेल्या कापडाच्या नाडीवाल्या पिशव्या शिंप्याकडून शिवून घ्या. पिशवीला एक जाड कागदाची चिठ्ठी, त्यावर आई-बाबांची नावं, लग्नाची तारीख, आणि "चटणीला ओला चमचा लावू नये" एवढंच. पिशव्या दाराजवळच्या टोपलीत रचून ठेवा आणि निघताना आई-बाबांनी स्वतः हातात द्याव्यात.

कामाची वाटणी आत्ताच लिहून फ्रिजवर लावा. शुक्रवारी तिळगुळाच्या वड्या आणि भेळेची चटणी. शनिवारी पहाटे फुलं, दिवसभर वाटणं, उंडे, बल्ब, फोटो, पितळ घासणं. रविवारी सकाळी मटण आणि गहू, दुपारी तांबडा, सुकं, मसूर. चारला कोथिंबीर वड्यांची पहिली तळणी. पाचला पांढरा करून गरम पाण्यात बसवा, आणि साडेपाचला तिघीही न्हाऊन तयार. वड्यांची दुसरी तळणी धाकट्या बहिणीनं करायची, भात-किटल्या वहिनींनी बघायच्या, आणि तुम्ही दारात. भांडी घासायला त्या रात्रीपुरतं कुणाला तरी सांगून ठेवा, हा खर्च वाचवू नका.

आई-बाबांना काय द्यावं हेही विचारलंत. आईंना हुपरीच्या कारागिरांकडून चांदीचं काही करवून घेता येईल, जोडवी किंवा करंडा. पण माझं मत विचाराल तर दोघांना मापाच्या कापशी वहाणा, म्हणजे कोल्हापुरी चपलांचा एक प्रकार, करून द्या. तयार जोड आणण्यापेक्षा दोघांना कारागिराकडं घेऊन जा आणि पायाचं माप द्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो आणि माप आवळ येत नाही. बाबांना मधुमेह असेल तर आतून मऊ तळ आणि अंगठ्याचा सैल पट्टा सांगा, शिवण टोचत नाही ना हे बोट फिरवून बघा. हाताचं काम असल्यानं वेळ लागतो, म्हणून या आठवड्यातच सांगून या. जोड कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी हातात यायला हवा. रोज थोडं तेल लावून अर्धा तास घरात घातला की कातडं पायाला बसतं आणि त्या संध्याकाळी दोघांना दारापासून अंगणापर्यंत न लंगडता फिरता येतं.